वहिनींची अँबेसेडर आणि टायमिंग कव्हर

मागच्या आठवड्यात आपल्या समूहात बऱ्हाणपुरातल्या जुन्या वाड्यांवर दोन-तीन जणांनी छान लिहिलं. वाड्यात उभ्या असलेल्या गाड्यांवर मात्र कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी बी.कॉम. झालेला, सारी नोकरी बँकेत गेली. पाना-पकडीशी माझा संबंध सायकलची चेन चढवण्यापुरताच. तेव्हा इंजिनाबद्दल जे लिहितो आहे ते उस्तादांच्या शेजारी स्टूल टाकून पाहिलेलं आणि शंभर प्रश्न विचारून समजून घेतलेलं आहे, असं धरा.

आमचे दादा डॉक्टर होते. शहापूर, नेपानगर, इच्छापूर, कधी पार रावेरपर्यंत व्हिजिटला जायचे. त्यासाठी त्यांनी 1978 साली अँबेसेडर घेतली, मार्क 3, पांढरी. दादा 2009 मध्ये गेले. गाडी वाड्यातच राहिली. वहिनी महिन्यातून एकदा ड्रायव्हर बोलावून तिला शनवाऱ्यापर्यंत फिरवून आणायच्या आणि रावेरला माहेरी जायचं झालं की हीच गाडी. पुतण्या पुण्यात आयटीमध्ये. तो दर दिवाळीला म्हणायचा, "आई, ही काढून टाकू." 2017च्या दिवाळीत तर तो भंगारवाल्याला वाड्यात घेऊनच आला. भाव ठरला 28 हजार.

गाडी काढायचं कारण खोटं नव्हतं. तिच्याखाली तेल ठिबकायचं. थोडंथोडकं नाही, सकाळी उठून पाहावं तर फरशीवर ताटाएवढा काळा डाग, आणि तोही तुळशीवृंदावनापासून चार हातांवर. शिवाय रजिस्ट्रेशन संपत आलेलं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली 15 वर्षं, आणि मग दर 5 वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण. 1993, 1998, 2003 आणि 2008 दादांनीच केलं, 2013चं मी केलं, आता 2018 समोर होतं. इंजिनातून तेल गळणारी चाळीस वर्षांची गाडी दाखवायला कोण नेणार?

वहिनी तशा कमी बोलणाऱ्या. त्या मुलाला म्हणाल्या, "पाडव्याला येशील तेव्हा फरशी कोरडी असली तर गाडी राहील. नसली तर तू म्हणशील तसं." तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, आता तुम्ही बघा." झालं! गुढीपाडवा होता 18 मार्चला. हातात साडेचार महिने.

आमचे उस्ताद म्हणजे राजपुऱ्याकडचे जुने मिस्त्री. वय माझ्याएवढंच. दादांच्या गाडीला पहिल्यापासून त्यांचाच हात. मधली काही वर्षं त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गाडी दुसरीकडे दाखवली होती, त्याचं पुढे सांगतो. तोवर ज्यानं त्यानं आपापलं निदान केलं होतं. एक म्हणे टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं, दुसरा म्हणे चेंबरचं पॅकिंग, तिसरा म्हणे इंजिनच उतरवावं लागेल, चाळीस हजार. उस्तादांनी काहीच निदान केलं नाही. त्यांनी आधी रॉकेलनं सगळं इंजिन धुतलं, कोरडं पुसलं आणि त्यावर खडूची पूड भुरभुरवली. मग गाडी चालू करून अर्धा तास तशीच घुरघुरत ठेवली. बंद केल्यावर बॅटरी मारून म्हणाले, "देखिए साहब." पांढऱ्या पुडीवर एक ओली काळी रेघ होती. ती पुढून, क्रँकच्या मोठ्या पुलीच्या मागून निघून खाली उतरत होती. वर टॅपेट कव्हर खडखडीत कोरडं. तेल वरून खाली येतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागे पसरतं, त्यामुळे चेंबर भिजलेला दिसला म्हणून गळती चेंबरचीच असते असं नाही. आमच्याकडे बँकेत खतावणीचा फरक असाच शोधायचे. बेरीज शेवटच्या पानावर चुकलेली दिसते, घोळ झालेला असतो तिसऱ्या पानावर.

मग त्यांनी इंजिनाची श्वास सोडायची नळी तपासली. ती तुंबली असेल तर आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही तेल सोडतं. नळी मोकळी होती. म्हणजे दोष टायमिंग कव्हरचा.

आता हे टायमिंग कव्हर काय, ते माझ्यासारख्यांसाठी सांगतो. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला दोन चक्रं असतात. खालचं क्रँकचं, वरचं कॅमचं, आणि दोघांना जोडणारी चेन. क्रँक दोन फेरे फिरला की कॅमचा एक फेरा झाला पाहिजे, म्हणून वरच्या चक्राला दात दुप्पट. झडपा कधी उघडायच्या नि कधी मिटायच्या ते या चेनवर ठरतं. चेनला तेल लागतं, म्हणून हे सगळं एका पत्र्याच्या झाकणात बंद केलेलं असतं. तेच टायमिंग कव्हर. त्याला खाली एक गोल भोक, त्यातून पुलीची मान आत जाते, आणि मान फिरत राहिली तरी तेल बाहेर येऊ नये म्हणून भोकात सील. माझ्याकडे नंतर मारुती 800 होती, तिला चेनऐवजी रबरी पट्टा. तिथलं कव्हर प्लॅस्टिकचं, आत कोरडं, धूळ-माती अडवण्यापुरतं. अँबेसेडरचं कव्हर मात्र तेल अडवून धरतं. नाव एकच, काम वेगळं.

ही अँबेसेडर मुळात इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्तान मोटर्सनं कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला 1957 पासून काढली. दादांच्या गाडीतलं 1489 सीसीचं इंजिनही तिकडच्याच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. घराणं फार जुनं, आणि त्याचे गुण-अवगुण मिस्त्री लोकांना तोंडपाठ.

डिसेंबरात काम काढलं. रेडिएटरचं पाणी सोडून तो उतरवला, डायनॅमो ढिला करून फॅन बेल्ट काढला. पुलीच्या मध्यभागी एक मोठा नट असतो, त्यालाच पूर्वी हँडल अडकवून गाडी चालू करायचे. आपल्यापैकी किती जणांनी थंडीत ते हँडल मारलं असेल! नटाच्या मागे दुमडलेलं वायसर होतं, ते छिन्नीनं सरळ केलं. गाडी गियरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, पाना लावून त्यावर घणाचा एकच फटका. नट सुटला. पुलरनं पुली ओढली, कव्हरचे बोल्ट काढले आणि कव्हर हातात आलं.

उस्तादांनी ते उन्हात धरलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मधल्या काळात कोणीतरी ते स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं होतं. काठ तीन ठिकाणी वाकलेला, सीलच्या घराशी पत्रा फाटलेला, आणि वरून लाल सोल्युशनचे थर. ते म्हणाले, हे ठोकून सरळ करण्यात अर्थ नाही. नवीन लागेल. आणि पुलीची मान दाखवली. सील घासून घासून तिच्यावर नखानं लागेल एवढी चरी पडली होती. म्हणजे नुसतं नवं सील टाकून भागलं नसतं, चरीतून तेल येतच राहिलं असतं. चेनही सैल झाली होती. उघडलंच आहे तर तीही बदलायची ठरली.

इथून खरी परीक्षा सुरू झाली, कारण 2014च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडलेला. बऱ्हाणपुरात माल नाही. इंदूरला चेन आणि सील मिळालं, कव्हर नाही. जळगावला एका दुकानदारानं माळ्यावरून धूळ खाल्लेलं कव्हर काढून दिलं, मी आनंदानं घेऊन आलो, तर उस्ताद मान हलवायला लागले. ते जुन्या पद्धतीचं, नमद्याच्या सीलचं निघालं. आत क्रँकवर तेल फेकायची एक चकती बसते. तिची आणि कव्हरची जोडी ठरलेली असते. एकाचं कव्हर नि दुसऱ्याची चकती घातली की पुन्हा गळणारच. दुकानदार भला माणूस, त्यानं परत घेतलं. मकरसंक्रांत झाली, गाडी तशीच तोंड उघडं टाकून उभी. पुतण्याचा फोन आला, "काका, कशाला खर्च करताय? भंगारवाला अजून घ्यायला तयार आहे." मी म्हटलं, पाडवा अजून लांब आहे. वहिनी रोज रात्री बोनेटवर जुनी चादर टाकायच्या, काही बोलायच्या नाहीत.

शेवटी फेब्रुवारीत भुसावळला मिळालं. टॅक्सीवाल्या एका गृहस्थानं आपल्या गाडीसाठी घेऊन ठेवलेलं, गाडीच विकली गेली, कव्हर राहिलं. उस्ताद मुद्दाम सोबत आले होते, जुनं कव्हर पिशवीत घालून. दोन्ही पाठीला पाठ लावून पाहिली, भोकं जुळली, चकतीची जागा जुळली. 650 रुपये.

राहिली पुलीची मान. तिला लेथवर घेऊन थोडी उतरवायची, वर पोलादी बुश दाबून बसवायचा आणि मूळ मापाला आणायचा. उस्ताद मला ज्या लेथवाल्याकडे घेऊन गेले ते दुकान बघून मी थबकलोच. 1984 साली या माणसाच्या कर्जाची फाईल मी केली होती! सुशिक्षित बेरोजगारांसाठी केंद्राची योजना आदल्याच वर्षी आलेली, 25 हजारांपर्यंत कर्ज. त्या वेळी बऱ्हाणपूर जिल्हा नव्हता (तो 2003ला झाला), जिल्हा उद्योग केंद्राचे कागद खंडव्याहून यायचे. साहेबांना शंका, की यंत्रमागांच्या गावात लेथ कितीसा चालणार. मी शेऱ्यात लिहिलं होतं की माग आहेत म्हणूनच लेथ चालेल, मागाचे भाग रोज मोडतात. हप्ते त्यानं एकही न चुकवता फेडले. तोच लेथ अजून तिथे होता, रंग उडालेला, आता मुलगा चालवत होता.

त्यानं मला ओळखलं, चहा मागवला, मावा जिलेबी मागवली. मुलानं दोन तास खपून बुश बसवला, मापायच्या चिमट्यानं चार-चार वेळा मोजलं. मी पैसे विचारले तर म्हातारा म्हणाला, "450." मी जरा पाहिलं असेन त्याच्याकडे, तसा हसून म्हणाला, "साहब, उस वक्त आपने भी पूरा ब्याज लिया था." मी मुकाट्यानं पैसे दिले आणि पावती घेतली. बँकवाल्याला याहून सरळ व्यवहार कुठला हवा?

जोडणी उस्तादांनी एका दिवसात केली, पण त्यातला अर्धा दिवस साफसफाईत गेला. जुनं पॅकिंग खरवडून काढलं, पत्र्याचा काठ काचेवर ठेवून सपाट आहे का पाहिलं. दोन्ही चक्रांवर एकेक टिंब असतं, ती टिंबं समोरासमोर आणून चेन चढवली. एक दात जरी इकडचा तिकडे झाला तर गाडी धड चालत नाही. सील तेलात भिजवून बसवलं. आणि मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. कव्हरचे बोल्ट त्यांनी आवळलेच नाहीत, नुसते हातानं लावून ठेवले. मानेला ग्रीस लावून पुली हळूच सरकवली, म्हणजे सील आपोआप मानेच्या बरोबर मध्यावर आलं, आणि नंतर बोल्ट थोडे इकडचे, थोडे तिकडचे असे आवळत गेले. आधी कव्हर आवळून मग पुली दाबली की सील एका बाजूला दबतं आणि महिन्याभरात गळायला लागतं. आधीच्यानं तसंच केलं असावं, असं त्यांचं मत.

गाडी चालू झाली. वहिनींनी त्या रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी पुढच्या बाजूला एक थेंब नाही! मागे मात्र, गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, रुपयाएवढा एक डाग. मी घाबरून उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, या इंजिनाला मागच्या बाजूला सीलच नसतं, क्रँकवर उलट्या आट्या असतात, त्या तेल आत ढकलतात. गाडी उभी राहिली की थेंब-दोन थेंब येणारच. "ये तो कंपनी का है साहब. और अपने कुंडी भंडारे में तो 1615 से रिस रहा है, किसी ने बंद किया?" आता सातपुड्याचं झिरपणारं पाणी अडवून मोगल काळात या गावाला पाजलं, ती गोष्ट वेगळी आणि आमची फरशी वेगळी, पण हसू आलं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर पुतण्या वाकून गाडीखाली पाहायला लागला. त्याच्या आधी पाच मिनिटं वहिनींनी कागद घडी करून चुलीच्या लाकडांत सारला होता. "काल रात्री गाडी धुतली आहे, पाणी असेल," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंचांग पाहत होतो. मग त्यानंच गाडी काढली, वहिनींना पुढे बसवलं, मी मागे, आणि आम्ही इच्छापूरला देवीच्या दर्शनाला जाऊन आलो. परतताना तो म्हणाला, आवाज बदललाय गाडीचा. चेन नवी आहे ना, म्हटलं.

2018चं नूतनीकरण 600 रुपयांत झालं. 2023ला त्याचेच 5000 लागले, 2022च्या एप्रिलपासून दर वाढले म्हणून. ते पुतण्यानं पुण्याहून भरले. फाटलेलं जुनं कव्हर उस्तादांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवलं आहे, नव्या पोरांना दाखवायला. गेल्या महिन्यात वहिनी रावेरला जाऊन आल्या, भाचीच्या डोहाळजेवणाला.