टोमॅटो घरी लावा म्हणणाऱ्यांसाठी

लांब पोस्ट आहे, सवडीने वाचा.

टोमॅटो शंभरीच्या वर गेला की कुणीतरी हमखास म्हणतं, "परवडत नाही तर घरी लावा की!" २०२३ च्या जुलैत भाव किलोला दीडशेच्या पुढे गेला होता, तेव्हा उत्तर प्रदेशातल्या एका राज्यमंत्री बाईंनी जाहीरपणे हेच सांगितलं होतं. घरी लावा, नाहीतर खाणं सोडा. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे कांद्याबद्दल तसंच ऐकायला मिळालं. दोन-चार महिने कांदा नाही खाल्ला तर काय बिघडतं, वगैरे. त्या पावसाळ्यात माझ्या ओळखीतल्या तीन घरांनी नर्सरीतून टोमॅटोची रोपं आणली. आज त्या तिन्ही बाल्कन्यांत रिकाम्या कुंड्या आहेत आणि "आपल्याला नाही बाबा जमत" हे वाक्य आहे.

त्यांना जमलं नाही असं मला वाटत नाही. त्यांना चुकीच्या टोकापासून सुरुवात करायला सांगितलं गेलं, एवढंच.

साधा हिशोब करू. आमच्या चार माणसांच्या घरात आठवड्याला किलोभर टोमॅटो लागतात, म्हणजे वर्षाला पन्नासेक किलो. कुंडीतलं एक झाड, भरपूर ऊन मिळालं, काठीचा आधार दिला, पांढऱ्या माशीने पानं आकसून टाकली नाहीत, तर सगळं मिळून दीड-दोन किलो फळ देतं. म्हणजे झाडं हवीत तीसएक. प्रत्येकाला बारा इंची कुंडी आणि रोज सहा तास थेट ऊन. पुण्यातल्या टू बीएचकेच्या बाल्कनीत सहा कुंड्या मावतात, त्यातही एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन असतं. आणि आज बी टाकलं तर रोप लावण्याजोगं व्हायला तीन-चार आठवडे, तिथून पहिलं फळ पिकायला दोन-सव्वादोन महिने. तोवर बाजारातला भाव उतरलेलाही असतो.

हे तीन महिने शेतकऱ्यालाही चुकत नाहीत, हे मात्र कुंडीत एक झाड लावल्यावर फार चांगलं कळतं. २०२३ च्या त्याच उन्हाळ्यात, जुलैच्या दोन-तीन महिने आधी, नाशिककडे टोमॅटोला किलोमागे एक-दोन रुपये मिळत होते. तोडणीची मजुरीही सुटेना म्हणून लोकांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले, हळहळलो आणि पुढे सरकवले. भाव पडला की माणूस पुढची लागवड आवरतो, असलेल्या प्लॉटवर खर्च करत नाही, वरून ऊन आणि रोगराई. मग जुलैत माल कमी आला आणि आपण बोंब मारली. यावर "घरी लावा" हे उत्तर नाही. साठवण, प्रक्रिया, लागवडीची वेळेवर माहिती, हे सरकारचं काम आहे आणि ते बाल्कनीत होत नाही.

मग घरी लावायचंच कशाला? मी गेली चार वर्षं लावतोय आणि माझं मत असं झालंय: जे रोज चिमूटभर लागतं ते घरी लावा, जे किलोने लागतं ते बाजारातून आणा.

कोथिंबीर बघा. दहा काड्या हव्या असतात, जुडी आणावी लागते, उरलेली फ्रिजमध्ये काळी पडते आणि कचऱ्यात जाते. कढीपत्ता तसाच. पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं, हिरवी मिरची, पातीचा कांदा, सगळी तीच गत. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाने खुडून मातीत खोचल्या तरी आठ-दहा दिवसांत धरतात, वेगळं रोप आणायची गरज नाही. गवती चहाचा एक ठोंब शेजाऱ्याकडून मागून आणा, वर्षभरात तुम्हीच वाटत सुटाल. मिरचीची दोन-तीन झाडं चौघांच्या घराला पुरतात, खरंच पुरतात. कढीपत्त्याला पहिलं वर्ष जरा सोडून द्या, लगेच ओरबाडू नका.

पहिलं पेरायचं ते मात्र मेथी. बी स्वयंपाकघरातल्या डब्यातच आहे. रात्रभर भिजवा, सकाळी ओल्या मातीवर पसरा, वर पाव इंच माती भुरभुरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते, महिन्याच्या आत कापायला येते. नवशिक्याला धीर येण्यासाठी याहून चांगलं पीक नाही. धन्यांचंही तसंच, फक्त धना आधी लाटण्याखाली हलकासा रगडून दोन फाकी करायचा आणि दहा-बारा दिवस वाट बघायची. बरेच जण आठव्या दिवशी कंटाळून कुंडी उकरतात. मेथी-कोथिंबिरीला मे महिना मानवत नाही आणि धो-धो पाऊसही नाही, दसरा ते होळी हा त्यांचा काळ. आत्ता गणपती गेलेत, मुहूर्त अगदी बरोबर आहे. पावसाळ्यात लावायचंच असेल तर अळूचा कांदा लावा, त्याला ओल आणि अर्धी सावली दोन्ही चालते.

एका क्रेटमधून मेथीची बाजारातल्यासारखी एक जुडी निघते. चौघांची एक भाजी करायला दोन क्रेट लागतात, हे आधीच सांगून ठेवतो. पैसे वाचतील म्हणून सुरू केलं तर पहिल्या कापणीलाच हिरमोड होईल.

"मला पेरता येत नाही" म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. काही दिवसांत घराघरात घट बसतील. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती, त्यात धान्य, मधे कलश, रोज थोडं पाणी. नऊ दिवसांत वीतभर पिवळं रान उभं राहतं. ते पिवळं का असतं? देवघराच्या कोपऱ्यात ऊन नसतं म्हणून. भाजी लावणाऱ्याला कळायला हवी अशी सगळ्यात मोठी गोष्ट ती परडी सांगते. उगवायला ओल पुरते, वाढायला ऊन लागतं. तेव्हा कुंडी विकत घेण्याआधी एक सुट्टीचा दिवस बाल्कनीवर नजर ठेवा. किती वाजता ऊन येतं, किती वाजता जातं, तेवढं लिहून काढा. चार तासांच्या आत असेल तर पुदिना, अळू, पालक असल्या पानांवर समाधान माना. सहा तास असेल तर मिरची, भेंडी, वांगी, आणि हौस असेल तर टोमॅटोही.

आता मातीबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

नर्सरीतली लाल माती नुसती भरली तर दोन पाण्यांत वीट होते. एक भाग माती, एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा, एक भाग कंपोस्ट. पहिले दोन विकत मिळतात. तिसरा तुमच्या सिंकखालच्या डब्यात रोज जमतो आणि तुम्ही तो रोज बाहेर देता. आमच्या घरात दिवसाला साधारण किलोभर ओला कचरा निघतो. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा. भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत हा कचरा आणि त्याच्या दुप्पट सुका पाला, थर देत जायचं. वास आला तर ओल जास्त झाली, सुका पाला वाढवा. दोन बादल्या आलटून पालटून वापरल्या की दोनेक महिन्यांत पहिलीतलं खत काळं, मोकळं, पावसाळी मातीच्या वासाचं होतं. मधे जाड पांढुरक्या अळ्या दिसतील. घाबरून फिनेल ओतू नका, त्या कचराच खातायत.

जुन्या घरांत परसबाग असायची ती याच हिशोबाने. न्हाणीघराचं पाणी अळूला आणि केळीला, खरकटं गाईला, शेण-पाला उकिरड्यात आणि उकिरडा वाफ्यात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती देशी बियाणं जपल्याबद्दल. ते काम अशाच अंगणा-परसातल्या वेलींच्या आणि पालेभाज्यांच्या जोरावर उभं आहे. आपण फ्लॅटमध्ये आलो आणि परसाचं टोक तोडून कचऱ्याच्या गाडीला जोडलं. ती गाडी कुठे जायची, हे पुणेकरांना उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं करून सांगितलंय. त्यांच्या विहिरींचं पाणी आपल्या देठांनी आणि सालांनी नासवलं. मला विचाराल तर घरी भाजी लावण्याचं सगळ्यात मोठं कारण भाजी नाहीच, हे आहे.

इथून पुढे गोष्ट माझ्या बाल्कनीतून निघून सगळ्यांच्या गच्चीवर जाते. आमच्या सोसायटीत चौऱ्याऐंशी फ्लॅट आहेत. मागच्या बाजूला बिल्डरने बांधून दिलेले गांडूळखताचे चार हौद आहेत. त्यांत सध्या फुटक्या टाइल्स, जुन्या खुर्च्या आणि एक सायकल आहे. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी मोठ्या सोसायट्यांना सांगितलं होतं की ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देते. सवलत चालू प्रकल्पाला आहे, सायकल ठेवलेल्या हौदाला नाही, हे मी कमिटीत बोललो तेव्हा थोडी शांतता पसरली.

आणि त्याच बैठकीत दुसरा विषय निघाला: गच्चीवर कुंड्या ठेवायला सरसकट बंदी. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये ओल आली आहे आणि सेक्रेटरींचं म्हणणं, कुंड्यांमुळेच.

कुंडीप्रेमी मंडळी इथे लगेच भांडायला उठतात. मी उठलो नाही, कारण काकूंची भीती खोटी नाही. जिथे माणसं वावरतात अशा गच्चीच्या स्लॅबवर, स्लॅबच्या स्वतःच्या वजनाशिवाय, चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते. म्हणजे चौरस मीटरभर वाफ्यात नुसती सहा इंच माती पसरली तरी सव्वादोनशे किलो होतात. गच्चीवर विटा लावून वाफे करणाऱ्यांचे व्हिडिओ बघून कुणी सुरुवात करणार असेल तर हात जोडून सांगतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको. पण याचा अर्थ बंदी असाही नाही. फळांचे प्लास्टिक क्रेट, हलकी माती, एकमेकांत अंतर ठेवून, बीमच्या रेषेवर कडेने, खाली विटा म्हणजे तळ कोरडा राहील, आणि पावसाळी पाण्याची जाळी रोज साफ. काकूंच्या छतावरचा कोबा वीस वर्षांचा आहे आणि त्यावर एकही कुंडी नाही, कुंड्या दुसऱ्या विंगवर आहेत, हेही कुणीतरी जाऊन बघायला हवं होतं. आम्ही दोघे-तिघे सेक्रेटरींना घेऊन गेलो. भेग पॅरापेटच्या कडेला होती. ते म्हणाले, "बरं, पण उद्या कुणी वीस क्रेट मांडले तर?" प्रश्न रास्त आहे. बंदी हे त्याचं उत्तर नाही, नियम हे आहे.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे या महिन्यात गावभर सभा आहेत. आमची येत्या रविवारी आहे. आम्ही तीन गोष्टींचा ठराव दिलाय. एक, चारपैकी दोन हौद रिकामे करून चालू करायचे, आणि ओला कचरा वेगळा गोळा करणाऱ्या ताईंना हौद सांभाळण्याचे वेगळे पैसे द्यायचे, फुकटात त्यांच्या गळ्यात काम मारायचं नाही. दोन, इंजिनिअरने आखून दिलेल्या जागेत प्रत्येक घराला गच्चीवर दोन क्रेट, त्याहून जास्त नाही. तीन, त्या क्रेटांना खत हौदातलं, म्हणजे हौद चालला तरच बाग चालेल. काकूंच्या छताचं वॉटरप्रूफिंग आधी, हे चौथं कलम त्यांच्याच सुनेने घालायला लावलं आणि ते बरोबरच आहे.

मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. खर्च किती, कोण बघणार, डास होतील, उंदीर येतील, हे सगळं निघेल. तुमच्या सोसायटीत हौद चालू असतील तर महिन्याचा खर्च किती येतो आणि काम कोण बघतं, तेवढं खाली लिहा, रविवारी आकडे हातात असलेले बरे. ठरावाचा मसुदा कुणाला हवा असेल तर सांगा, पाठवतो.