ब्रास, रॉक आणि अख्खी एक बाजू

शिकागो या बँडचं नाव काढलं की बहुतेकांना आठवतं ते १९८२ चं 'हार्ड टू से आय'म सॉरी'. मऊमऊ, डोळे मिटून म्हणायचं गाणं. वाईट नाहीये हो. पण शिकागो म्हणजे एवढंच, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं!

मुळात ही ब्रासवाली मंडळी. १९६९ च्या पहिल्या अल्बमच्या वेळी बँडचं नाव होतं 'शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटी'. नेहमीच्या गिटार-बेस-ड्रम्स-कीबोर्डच्या जोडीला ली लॉकनेनचा ट्रम्पेट, जेम्स पँकोचा ट्रॉम्बोन आणि वॉल्टर पॅराझेडरचा सॅक्सोफोन. हिशेब चोख: तीन वाद्यं, तीन सूर, एक पूर्ण कॉर्ड. तिकडे न्यूयॉर्कात 'ब्लड, स्वेट अँड टीअर्स' हाच उद्योग करत होते. त्यांच्या दुसऱ्या अल्बमनं १९७० साली 'अ‍ॅबी रोड'ला हरवून 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी घेतलं. चक्क बीटल्सना! या दोन्ही अल्बम्सचा प्रोड्यूसर एकच, जेम्स विल्यम गुएर्सिओ.

आपल्याकडे ब्रास म्हटलं की लग्नाची वरात आठवते. इथे मात्र ब्रास गायकाशी भांडतं, त्याचं वाक्य मधेच तोडतं, स्वतः पुढे नेतं.

पटत नसेल तर शिकागोचा १९७० चा दुसरा अल्बम घ्या. डबल एलपी आहे. पहिल्या रेकॉर्डची दुसरी बाजू लावा. एक छोटं गाणं झालं की सुरू होतं 'बॅले फॉर अ गर्ल इन बकॅनन'. पँकोनं रचलेले सात तुकडे, एकात एक गुंफलेले, जवळजवळ १३ मिनिटं. सुरुवातीला 'मेक मी स्माइल', मग नुसत्या वाद्यांची धमाल, पुढे 'कलर माय वर्ल्ड'मधली बासरी आणि अगदी शेवटी पहिलीच चाल परत. एवढं चालून आल्यावर ती भेटते ना, तेव्हा अंगावर काटा येतो.

रेडिओच्या सिंगलसाठी काय केलं? सुरुवात ठेवली, शेवट चिकटवला, मधलं उडवलं. काम तीन मिनिटांत फत्ते. गाणं अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेलं, बँडचं नाव झालं, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पण १९८२ च्या त्या गाण्याचंही तेच झालं. अल्बमवर त्याच्या शेपटाला 'गेट अवे' नावाचा ब्रासचा दणदणीत तुकडा आहे. सिंगलवर गायब! दोन्ही वेळा कात्री कुणावर चालली ते बघा.

म्हणून एलपी. विनाइलचा आवाज 'उबदार' असतो की नाही या वादात मला पडायचं नाही. उलट रेकॉर्ड फिरते एकाच वेगानं, पण सुई मध्याकडे सरकते तशी एका फेरीत मिळणारी खाच आखूड होत जाते, आणि बाजूच्या शेवटी वरचे सूर जरा फाटू शकतात. बॅलेचा शेवट नेमका तिथेच! तरीही. कारण गाणं पुढे ढकलायचं तर सोफ्यावरून उठून सुई उचलावी लागते, आणि शनिवारी दुपारी कोण उठतंय? आळसाच्या कृपेनं सगळं ऐकून होतं.

असो. रेकॉर्ड प्लेअर नसला तरी अडत नाही. शफल बंद करा, सातही तुकडे ओळीनं लावा. आठवडाभर सगळं कापूनच तर ऐकतो आपण.