डोळा मागे घ्या!

चष्मा बसतो नाकावर, पण त्याचे ओझे पडते मनावर. आणि ज्याच्या नाकावर तो दहाव्या वर्षी चढला, त्याला हे ओझे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही आठवीत असताना शाळेच्या छात्रपथकातून नेमबाजीकरिता मुले निवडावयाची होती. आम्ही मोठ्या उमेदीने रांगेत उभे राहिलो. निवड करणारे गृहस्थ रांगेवरून चालत आले, आमच्या नाकाकडे त्यांनी एकवार पाहिले आणि बाजूस होण्याची खूण केली. ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर आम्ही कदाचित ते विसरूनही गेलो असतो. पण ते बोट मात्र पुढे पन्नास वर्षे आमच्याकडे रोखलेलेच राहिले.

गेल्या वर्षी आमच्या नातीला चष्मा लागला, तेव्हा हे सारे पुन्हा वर आले. वर्गातल्या मुली तिला ‘ढापणी’ म्हणू लागल्या. तेव्हापासून तिचा चष्मा दप्तरात राही, आणि फळ्यावरचे काही न दिसल्यामुळे वही कोरी राही. समजूत घालण्याचे काम घरच्यांनी आमच्याकडे सोपविले. परंतु ज्याची स्वतःची समजूत अद्याप पटलेली नाही, त्याने दुसऱ्याची काय घालावी? आम्ही तिला बरोबर घेतले आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेकरिता कपिलधारला गेलो.

बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूस गेले, म्हणजे बालाघाटाच्या डोंगरांत हे स्थान लागते. कड्यावरून पाण्याची धार कोसळते, आणि जवळच संत मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ ज्यांनी मराठीत रचिला, ते हेच स्वामी. यात्रेस मराठवाड्याच्या गावोगावांहून दिंड्या पायी चालत येतात. आम्ही दर्शन घेतले, धारेचे तुषार अंगावर घेतले आणि परतताना दुकानांच्या रांगेत शिरलो. तेथे डोंगराच्या कडेला, वीस-पंचवीस पावलांवर एक फळी उभी करून तिच्यावर फुगे बांधले होते. पुढे बाकावर छर्र्याच्या दोन बंदुका होत्या. त्यांपैकी एकीवर लहानशी दुर्बीण बसविलेली होती.

नातीदेखत मागे हटणे शक्य नव्हते. आम्ही बंदूक खांद्याशी लावली, डोळा दुर्बिणीशी नेला, तोच चष्म्याची काच दुर्बिणीवर खटकन आपटली. आत पाहतो तो फुगा नाही, फळी नाही. नुसती काळोखाची एक चंद्रकोर इकडून तिकडे सरकते आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थांचेच खरे होते, असे आमच्या मनात आले. आम्ही चष्मा काढू लागलो, इतक्यात दुकानदार म्हणाला, “बाबा, चष्मा राहू द्या. डोळा मागं घ्या!”

आम्ही डोळा बोट-दोन बोटे मागे घेतला. चंद्रकोर विरली, पूर्ण वर्तुळ उजळले, आणि त्याच्या मधोमध, फुलीच्या खाली, एक तांबडा फुगा डुलताना दिसला.

घरी आल्यावर आम्ही या गोष्टीचा थोडा अभ्यास केला. बंदुकीची दुर्बीण डोळ्याला चिकटवून पाहण्याकरिता केलेलीच नसते. गोळी सुटताना मोठी बंदूक मागे धक्का देते, आणि दुर्बीण डोळ्याशी असेल तर ती भुवई फोडते. म्हणून तिची भिंगे अशी योजतात, की संपूर्ण चित्र तीन ते चार इंच अंतरावरून दिसावे. चष्म्याची काच बुबुळापुढे जेमतेम अर्धा इंच असते. तेव्हा त्या अंतरात चष्म्यास भरपूर जागा उरते. दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत किती रुंद, याचाही हिशोब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास बत्तीस मिलिमीटर आणि दुर्बीण चौपट मोठे दाखविणारी असेल, तर झोत आठ मिलिमीटरांचा होतो. डोळा त्या झोताच्या मध्यावर नसला किंवा पुढेमागे झाला, की ती काळी कोर उगवते. त्यातून आम्ही मान फार वाकवीत होतो. त्यामुळे पाहणे चाले ते भिंगाच्या मध्यातून नव्हे, तर नाकाकडील वरच्या कोपऱ्यातून. मान ताठ ठेवून बंदूक डोळ्यापर्यंत आणावी, डोळा बंदुकीपर्यंत नेऊ नये, हा त्यावरचा उपाय. एकूण अपराध चष्म्याचा नव्हता, अंतराचा होता.

आमच्या दहा छर्र्यांत तीन फुगे फुटले. मग नातीची पाळी आली. तिने, अर्थातच, आधी चष्मा काढून आमच्या हाती दिला. दुकानदाराने दुर्बिणीच्या मागचे कडे थोडे फिरवून दिले. त्याबरोबर तिला सारे स्वच्छ दिसू लागले. हेही शास्त्राला धरूनच झाले. त्या कड्याने मागचे भिंग पुढेमागे सरकते, आणि जवळचे किंवा दूरचे न दिसण्याचा साधा दोष त्यात भरून निघतो. चष्मेवाले ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात, तो मात्र निघत नाही. पहिल्याच छर्र्याला फुगा फुटला. ती आनंदाने ओरडली, “आजोबा, पाहा! चष्मा नसला तरी दिसते!”

आम्हांस उत्तर सुचले नाही. तिने पुन्हा बंदूक भरून घेतली व डोळा लावला. तेवढ्यात दुकानदाराचा मुलगा, तिच्याहून लहानच, नवे फुगे हातात घेऊन बाजूने फळीकडे धावला. आम्हांस तो दिसला, दुकानदारास दिसला. तिच्या एका डोळ्यापुढे दुर्बिणीतला तांबडा फुगा होता, आणि दुसऱ्यापुढे, चष्म्यावाचून, नुसते रंगीत धुके. “थांब!” असे दुकानदार ओरडला, आणि आम्ही नळी धरून खाली दाबली. छर्रा बाकापुढच्या मातीत गेला. मुलगा फुगे बांधीत राहिला. त्यास काही कळलेही नाही. नातीचे ओठ मात्र पांढरे पडले होते. “तो मला दिसलाच नाही,” एवढेच ती म्हणाली.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही गोष्ट आम्ही तिला कितीदा तरी सांगितली होती. त्या झाडाखाली कोणी येणार नाही, याची काळजी गुरूंनी आधीच घेतली असली पाहिजे. दुर्बीण कोणासही क्षणात अर्जुन करून सोडते. परंतु झाडाखालून धावणारे मूल दाखविण्याचे काम तिचे नव्हे. ते दुसऱ्या, उघड्या डोळ्याचे काम, आणि तो डोळा अधू असेल तर चष्म्याचे. शिवाय उलट उडालेल्या छर्र्याच्या कपचीपासून डोळ्याचे थोडेबहुत रक्षण तोच करतो.

आमच्या महाराष्ट्रातील नेमबाजांनी तर जग जिंकले ते दुर्बिणीवाचून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला पन्नास मीटर रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण बसविण्यास मनाई असते. दृष्टिदोष घालविणारे भिंग मात्र डोळ्यावर लावण्याची मुभा असते. म्हणजे ज्या वस्तूसाठी आम्हांस रांगेबाहेर काढले, ती वस्तू जगातल्या सर्वांत मोठ्या रांगेत चालते!

नातीस आम्ही यातले काहीच सांगितले नाही. मुलगा फळीपासून दूर झाल्यावर तिने हात पुढे केला. आम्ही चष्मा दिला. तिने तो घातला, दुकानदाराकडून कडे पूर्ववत करून घेतले, आजूबाजूस दोनदा पाहिले आणि मग डोळा योग्य अंतरावर धरला. उरलेल्या आठ छर्र्यांत दोनच फुगे फुटले. पण तक्रार तिने केली नाही.

आम्ही मात्र परतीच्या वाटेवर त्या जुन्या गृहस्थांचा विचार करीत होतो. त्यांनी आम्हांस बाजूस केले, यात त्यांचे चुकलेच. पण त्या बोटाशी पन्नास वर्षे डोळा चिकटवून बसण्यास आम्हांस कोणी सांगितले होते? इतक्या जवळून पाहिल्यावर काळोखाच्या कोरीखेरीज दुसरे काय दिसणार?

मांजरसुंब्याचा घाट आला. नात खिडकीशी बसून, कोणी न सांगता, दूरच्या पाट्या मोठ्याने वाचीत होती. चष्मा तिच्या नाकावर होता. एक पाटी आम्हांस वाचता येईना, ती तिने आमच्याआधी वाचली, आणि आमच्याकडे वळून, अगदी दुकानदाराच्या आवाजात म्हणाली, “बाबा, नंबर तपासून घ्या!”