स्पॅनिश साहित्याची चार दालने

इ. स. १६१६ या वर्षाकडे आपण मराठी ख्रिस्ती वाचक विशेष ममतेने पाहतो. त्या वर्षी गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' प्रथम छापले गेले. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात तिकडे माद्रिद नगरीत 'दोन किहोते'चा कर्ता मिगेल दे सर्व्हांतेस मरण पावला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही हे खरे. परंतु दोन्ही ठिकाणी राजा एकच होता. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांच्या मस्तकी होता आणि म्हणून गोव्याप्रमाणे आमची वसईही त्या काळात स्पेनच्याच राजाची प्रजा होती. किल्ल्यातील भग्न चर्चच्या कमानींखाली उभे राहिले की पोर्तुगीज आठवतात. त्यांच्या आडून दिसणारे स्पेन सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी स्पॅनिश शिकू लागलो त्याचे हे एक निमित्त. दुसरे पुढे ओघाने येईल.

भाषा थोडी हाताशी आल्यावर साहित्याकडे वळलो. त्या भाषेच्या साहित्याची प्रारंभिक पाठ्यपुस्तके बहुधा कालक्रमाने जात नाहीत. कथन, काव्य, नाटक आणि निबंध अशी चार दालने करून विद्यार्थ्याला एकेका दालनात हिंडवतात. कालक्रमाने शिकले असता राजे, लढाया आणि वाङ्मयीन पंथ पाठ होतात. प्रकारांनुसार शिकताना मात्र निराळाच प्रश्न पाठपुरावा करतो : येथे बोलतो कोण, आणि कोणाला उद्देशून? हा प्रश्न मनात धरून वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट वारंवार आढळली. या साहित्यातील किती तरी श्रेष्ठ कृती म्हणजे कोणा अधिकाऱ्यापुढे दिलेले जबाब आहेत. कोणीतरी वरून विचारणा करतो आणि खालचा माणूस उत्तर देतो. उत्तर देण्याची रीत तेवढी दालनागणिक बदलते.

कथनाच्या दालनात प्रथम भेटते ते एका अनाम लेखकाचे छोटेखानी पुस्तक, 'लासारिय्यो दे तोर्मेस'. त्याच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या प्रती १५५४ मधील आहेत. सालामांकाजवळ जन्मलेल्या एका दरिद्री पोराला त्याची आई एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हवाली करते. गावाच्या पुलावर दगडी बैल आहे. आंधळा मुलाला म्हणतो, बैलाला कान लाव, आत मोठा आवाज ऐकू येईल; आणि मुलाने कान लावताच त्याचे डोके दगडावर आपटतो. पुढचा धनी एक धर्मगुरू. तो पावांची पेटी कुलपात ठेवतो. पोर युक्तीने दुसरी किल्ली मिळवतो आणि रात्री ती तोंडात लपवून झोपतो. एके रात्री झोपेत श्वासाबरोबर ती किल्ली शीळ घालू लागते आणि साप समजून धर्मगुरू काठी हाणतो. तिसरा धनी तोलेदो शहरातील खानदानी गृहस्थ : घरात अन्नाचा कण नाही, पण हा दारात उभा राहून काडीने दात कोरतो, म्हणजे जेवण झाले असे लोकांना वाटावे! त्यानंतर पापक्षमापत्रे विकण्यासाठी खोटा चमत्कार घडवून आणणारा एक महाभागही येतो. १५५९ मध्ये या पुस्तकावर बंदी आली. १५७३ मध्ये ते पुन्हा छापू दिले, ते काटछाट करून. क्षमापत्रे विकणारा त्यातून अर्थातच वगळला गेला.

माझ्या एका स्नेह्यांनी हे ऐकून विचारले, "असली पुस्तके आपल्या लोकांपुढे कशासाठी मांडायची?" त्यांची काळजी मला समजते. परंतु हे पुस्तक बाहेरच्या शत्रूने लिहिल्यासारखे वाटत नाही. त्यातील संताप घरातल्या माणसाचा आहे. आणि खरे म्हणजे त्याचा विषय धर्मगुरू हा नाहीच, भूक हा आहे. शिवाय सबंध पुस्तक म्हणजे एक पत्र आहे. लासारोच्या बायकोचे नाव एका वरिष्ठ धर्मगुरूशी जोडले जात आहे, आणि कोणी बडी असामी त्याविषयी खुलासा मागते आहे. तो खुलासा देण्यासाठी हा माणूस जन्मापासूनची भूक सांगू लागतो. तोवर ज्यांच्या तोंडी केवळ विनोदापुरते बोलणे येत असे त्या वर्गातील एक जण येथे "मी" म्हणून उभा राहतो, तो जबाबाच्या निमित्ताने.

आविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्रही असेच आज्ञेने लिहिलेले आहे. आपल्या आत्म्याची स्थिती लिहून दे, असे तिच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूंनी तिला सांगितले. ते हस्तलिखित पुढे इन्क्विझिशनच्या ताब्यात गेले. तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १५८८ मध्ये, सालामांका येथे तिचे ग्रंथ छापून निघाले ते फ्राय लुईस दे लेओन यांच्या संपादनाखाली. आणि हे संपादक स्वतः १५७२ पासून जवळजवळ पाच वर्षे इन्क्विझिशनच्या तुरुंगात काढून आले होते. हिब्रू भाषेतील गीतरत्न जनभाषेत आणले, हा त्यांच्यावरील आरोपांपैकी एक. १६२२ मध्ये तेरेजाला संतपद मिळाले तेव्हा त्याच समारंभात आपल्या गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरलाही मिळाले. एके काळी जिच्या वहीची झडती झाली तिचे नाव आज वेदीवर आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी माझ्या स्नेह्यांची काळजी थोडी हलकी व्हावी.

काव्याच्या दालनात मराठी माणसाला प्रवेश सोपा वाटतो. स्पॅनिश पद्याचा पाया अक्षरे मोजण्यावर आहे, आणि सहा-सहा-सहा-चार असा अभंग बोटांवर मोजत वाढलेल्या आपल्या कानाला ही सवय असते. फरक एवढाच की शेजारच्या दोन शब्दांतील स्वर तेथे एकमेकांत मिसळून एकच मोजले जातात आणि ओळीच्या शेवटी आघात कोठे पडतो यावरूनही हिशेब बदलतो. क्रूसाचे संत योहान ज्या 'लिरा' नावाच्या बंधात लिहितात त्यात पाच ओळी असतात : सात, अकरा, सात, सात, अकरा. आखूड ओळीत श्वास थांबतो, लांब ओळीत सुटतो.

या कवीला १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघातील, परंतु सुधारणेला विरोध करणाऱ्या बंधूंनी पकडून तोलेदोच्या मठात कोंडले. खोली अरुंद, उजेड यायचा तो एका फटीतून. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याने तेथून पलायन केले, आणि येताना 'आध्यात्मिक गीता'ची बरीचशी कडवी बरोबर आणली. अंधारात बसून त्याने रचले काय, तर प्रियकराला शोधत रानोमाळ हिंडणाऱ्या वधूचे गीत! ज्ञानदेवांच्या विराण्या ज्याने ऐकल्या आहेत त्याला ही वधू परकी वाटणार नाही. पुढे धर्मभगिनींनी आणि शिष्यांनी त्याच्याकडे अर्थ मागितला, म्हणून त्याने आपल्याच कवितांवर गद्य भाष्ये लिहिली. 'काळोखी रात्र' या कवितेची कडवी आठ. भाष्य मात्र तिसऱ्या कडव्याच्या आरंभाशीच थांबते. त्याची कारणे पंडित नाना परींनी सांगतात. मला ते थांबणे योग्य वाटते. येथेही विचारणा आहे, पण उरलेल्या पाच कडव्यांविषयी कवीने कोणालाच जबाब दिलेला नाही.

नाटकाविषयी थोडक्यात सांगतो. नाटक पाहायची वस्तू आहे आणि मी ती केवळ वाचली आहे. माद्रिदमधील जुनी नाट्यगृहे, म्हणजे वाड्यांच्या चौकांत उभारलेले रंगमंच, धार्मिक बंधुसंघांच्या ताब्यात होती आणि त्यांचे उत्पन्न रुग्णालयांना जाई. आपल्याकडील 'मदतीसाठी प्रयोग' ही कल्पना तिथे किती तरी आधी रुळलेली होती. लोपे दे वेगा हा तेथला अनभिषिक्त राजा. १६१४ मध्ये त्याने धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली; त्या दीक्षेने त्याचे प्रेमप्रताप काही थांबले नाहीत. १६१९ मध्ये छापलेल्या त्याच्या 'फुएन्तेओव्हेहुना' नाटकात जुलमी सरदाराला सारा गाव मिळून ठार मारतो. राजाचा न्यायाधीश येतो, म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही यातना देऊन विचारतो, कोणी मारले? प्रत्येक जण गावाचेच नाव घेतो, दुसरे नाव कोणाच्याही तोंडून निघत नाही. शेवटी राजाला क्षमा करावी लागते. १४७६ मध्ये घडलेल्या सत्य घटनेवर ही कथा आधारलेली आहे. लासारोला एकट्याने उत्तर द्यावे लागले. नाटकात गर्दी उत्तर देऊ शकते. कादंबरीला हे इतक्या सहजतेने साधत नाही.

विसाव्या शतकातील बोर्हेस, मार्केस आदींविषयी मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे; त्यांना येथे केवळ नमस्कार. मला थांबायचे आहे ते मिगेल दे उनामुनो यांच्या 'सान मान्वेल ब्वेनो, मार्तिर' या १९३१ मधील लघुकादंबरीपाशी. गावाला देवमाणूस वाटणारा एक धर्मगुरू. मिस्सेत सारे जण मोठ्याने विश्वासांगीकार म्हणतात, पण देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन हे शब्द आले की त्याचा आवाज गर्दीत बुडून नाहीसा होतो. त्याचा विश्वास नाही. लोकांचा टिकावा म्हणून तो आयुष्य वेचतो. बिशप त्याला धन्यवादित घोषित करण्याच्या प्रक्रियेच्या उद्योगात असताना आन्हेला नावाची स्त्री हे सारे लिहून ठेवते, मात्र बिशपांना सांगत नाही. हे पुस्तक मी आठवडाभर पुन्हा हातात घेऊ शकलो नाही. उनामुनोंचा निबंध असता तर त्यांच्याशी वाद घालता आला असता. आन्हेलाशी वाद कसा घालणार? तिला स्वतःलाच कळत नाही की आपण विश्वास ठेवतो की नाही.

आता निबंध, आणि माझे दुसरे निमित्त.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाय म्हणतो, धर्मभगिनी आहे. तरुणपणी तिने बाहेरून बी. ए.चा अभ्यास आरंभला होता. दुसऱ्या वर्षी तिच्या वरिष्ठांनी तिला सांगितले की पुस्तके पुरे झाली, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात माणूस हवे आहे. ती गेली. वीस-बावीस वर्षे तिने शेकडो मुलींचे जेवण केले. त्याविषयी ती कधी एक अक्षर बोलली नाही. आम्ही विचारलेही नाही. आता ती वृद्ध भगिनींच्या निवासात असते आणि रविवारी दुपारी मी तिला काहीबाही वाचून दाखवतो.

मेक्सिकोतील सोर हुआना इनेस दे ला क्रूस ही सतराव्या शतकातील धर्मभगिनी कवी होती, नाटककार होती, विदुषी होती. आंतोनियो विएरा या पोर्तुगीज जेज्वीट धर्मगुरूंच्या एका प्रवचनावर तिने केलेली टीका पुएब्लाच्या बिशपांनी १६९० मध्ये छापली आणि सोबत 'सोर फिलोतेआ' या बाईच्या नावाने स्वतःच तिला उपदेशाचे पत्र लिहिले : ऐहिक विद्या सोडून पवित्र गोष्टींकडे लक्ष दे. मार्च १६९१ मध्ये तिने उत्तर लिहिले. त्या उत्तराला आज निबंधाच्या दालनात मानाचे स्थान आहे. तीन वर्षांची असताना वाचायला शिकले. मुलाचा वेष करून विद्यापीठात पाठव असे आईला विनवले. चीज खाल्ल्याने बुद्धी मंद होते असे ऐकून ते सोडून दिले. ठरवलेल्या मुदतीत धडा आला नाही तर शिक्षा म्हणून स्वतःचे केस कापले. एका वरिष्ठ भगिनीने अभ्यासाला मनाई केली तेव्हा सुमारे तीन महिने पुस्तकाला हात लावला नाही, पण दिसेल त्या वस्तूतून अभ्यास चालूच राहिला. मग ती स्वयंपाकघरात येते. अंडे तुपातेलात एकसंध राहते, पाकात फुटते. साखर पातळ राहावी म्हणून आंबट फळाचे थोडे पाणी पुरते. ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर आणखी कितीतरी लिहिले असते, असेही ती जाता जाता म्हणते.

चीजच्या गोष्टीला बाय हसली होती. येथे मात्र तिने मला थांबवले. "बरोबर आहे तिचे," ती म्हणाली. "पाकात लिंबू पिळले की साखर खडे धरत नाही. मलाही वाटायचे, असे का होत असेल? पण विचारायचे कोणाला?"

थोड्या वेळाने तिने विचारले, "मग पुढे तिचे काय झाले?" मी सांगितले. ग्रंथसंग्रह तिच्या हातून गेला. १६९४ मध्ये तिने आपल्या रक्ताने सही करून व्रते पुन्हा घेतली आणि १६९५ मध्ये, साथीत आजारी भगिनींची शुश्रूषा करता करता, ती मरण पावली. तिचे ते उत्तर १७०० मध्ये छापून निघाले. बाय बराच वेळ जपमाळ हातात घेऊन बसली होती. जप चालला होता की नव्हता, सांगता येत नाही.

त्या रविवारपासून आम्ही दोघे त्या पत्राचे मराठी करीत आहोत. मी वाक्य सांगतो, ती वहीत उतरवते आणि आवडले नाही तर माझ्यादेखत खोडते. अभ्यासाकडे असलेला आपला कल देवानेच आपल्यात घातला आहे, असे सोर हुआना म्हणते. त्या कलासाठी मी 'आवड' हा शब्द घातला होता. बायने तो काटला. "आवड सोडता येते," ती म्हणाली आणि वर बारीक अक्षरात 'ओढ' असे लिहिले. पत्राचा तिसरा हिस्सा झाला आहे. लॅटिन अवतरणांची पाने यायची आहेत.