दुसरी वेलांटी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी सर्वांना उटणे लागते, एका चिमीला सोडून. नऊ वर्षांच्या त्या पोरीच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत इसब आहे. उटण्याचा नुसता हात लागला तरी अंगाची आग होते. ती कोमट पाण्याने गुपचूप न्हाऊन येते, मलम चोपडते आणि भावंडांच्या अंगाचा वास घेत बसते.

या इसबाचा खटला आमच्या घरी नऊ वर्षे चालला. आरोपी आमची ही, न्यायाधीश मातोश्री. 'दिवस राहिले असताना वांगी खाल्लीस, सूनबाई. मी नको म्हणत होते.' थंडीत चिमीचे अंग फुटले की हा निकाल पुन्हा वाचला जाई. ही काही बोलत नसे. मीही बोलत नसे. मी वह्या तपासत असे. शुद्धलेखनाच्या वह्या समोर असल्या की घरातले ऐकू न येण्याचे सोंग फार चांगले वठते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे तालुक्याच्या गावी एका तरुण त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. मास्तर म्हटल्यावर त्यांना हुरूप आला असावा. औषधाच्या चिठ्ठीमागे त्यांनी चित्रच काढले. शरीराची राखण करणाऱ्या पेशींच्या अंगावर कुलपे असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. इंटरल्युकिन-४ नावाचा निरोप्या किल्ली घेऊन येतो. ती कुलपात बसली की पेशी 'शत्रू आला' अशी हाकाटी करते. कातडी लाल होते, खाज सुटते. आता हे कुलूप म्हणजे आठशेवर अक्षरांची एक ओळ. तिच्यात ५७६व्या जागी काहींच्या अंगी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन असते. अशी माणसे ॲलर्जीच्या रोग्यांत अधिक सापडतात, असे अमेरिकेतल्या संशोधकांना १९९७ साली आढळले. पुढच्या काही पाहण्यांत तसे दिसले, काहींत नाही.

एक अक्षर! 'दिन'ला चुकून दुसरी वेलांटी दिली की दिवसाचा दरिद्री होतो. जन्मभर मी लाल शाईने हेच तर सांगत आलो.

'पण एवढी एकच चूक धरून बसू नका, मास्तर,' डॉक्टर म्हणाले. कातडीची भिंत लिंपणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन आहे; त्याच्या जनुकातले दोष आणि इसब यांचा संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या मंडळींनी दाखवला. शिवाय असे दोष असूनही अंगावर साधा चट्टा न उठलेली माणसे पुष्कळ. ते कुलूपच बंद करणारे ड्युपिलुमॅब नावाचे इंजेक्शनही निघाले आहे. अमेरिकेत त्याला २०१७ साली मान्यता मिळाली. त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला.

'मग ही अक्षरे येतात कुठून?'

'आईबापांकडून. अर्धी बाईंची, अर्धी तुमची. तुम्हाला लहानपणी कधी असं काही?'

'छे!' मी म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिले नाही.

घरी आई तांदूळ पाखडत होती. मी सहज विचारावे तसे विचारले.

'तुला? अरे, सहा वर्षांचा होईपर्यंत कडुलिंबाच्या पाण्याशिवाय आंघोळ नव्हती तुझी. रात्री ओरबाडशील म्हणून हातांना फडकी बांधून निजवायचे मी. आणि तुझ्या वडिलांना तर दमाच...' तिचा हात सुपातच थांबला.

'मग आई, तेव्हा वांगी तू खाल्ली होतीस का?'

बोलून गेलो खरा, पण जीभ चावली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडले, तेही असे.

आई बराच वेळ खडे शोधत राहिली. मग म्हणाली, 'मी कुठली खाते? पण तुझ्या आजीनं तेच ऐकवलं मला. मरेपर्यंत.'

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता आईच्या हातातले सूप घेऊन उरलेले तांदूळ पाखडू लागली.