धाग्याला जात कोणी दिली?

घिवलीच्या किनाऱ्यावर जाळे सांधणारे हात आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तारापूर एमआयडीसीत कापडावर प्रक्रिया होते, तिथे आमचीच पोरे पाळी करतात. तरी परवा अभ्यासवर्गात एका मुलीने विचारले, ‘पहिला कपडा कोणी केला?’ आणि आम्ही गप्प झालो. एकजण म्हणाला, ‘देवाने दिला असेल.’ म्हणून हे लिहावे लागले.

कपडा देवाने दिला नाही, माणसाच्या हातांनी दिला. आधी कातडे आणि झाडाची साल, मग हाडाची सुई, मग पिळलेला धागा. जॉर्जियातील झुझुआना गुहेत जवसाच्या जातीचे, 30 हजार वर्षांहून जुने तंतू मिळाले. म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस सूत पिळत होता. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटलेला, मंजिष्ठाने रंगवलेला सुती कापडाचा तुकडा सापडला.

एवढ्या लांब कशाला? आपल्या नेवाशात 1954-56 साली डॉ. ह. धी. सांकलियांच्या चमूने उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत दोरा टिकून होता. तपासणीत तो कापूस आणि रेशमाचा निघाला. पुणे जिल्ह्यातील चांदोलीच्या माळेत जवसाचा दोरा मिळाला. तांब्याच्या गंजानेच हे दोरे राखले. ते कुणीतरी बोटांनी कातले होते. कातणाऱ्याचे नाव उरले नाही, जातही उरली नाही.

मग धाग्याला जात कोणी दिली? मनुस्मृतीने चांडाळाला मेलेल्याचे कपडे नेमून दिले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा धोट्यात तोंडाने ओढावा लागे. जास्त मजुरी मात्र त्याच खात्यात होती! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्याआधी, डिसेंबर 1927 मध्ये, महाडला मनुस्मृती जाळली आणि तिथेच त्यांनी आपल्या स्त्रियांना जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत सोडायला सांगितले.

कुणी म्हणेल, कपड्यात काय आहे? कपड्यात काहीच नसते, तर तो ठरवून देण्यासाठी धर्मशास्त्र कशाला लागले असते?

त्या मुलीला आम्ही आता उत्तर देऊ: पहिला कपडा आपल्यासारख्याच कष्टकरी हातांनी केला. विषमता नंतर विणली गेली, आणि विणलेले उसवता येते.

जय भीम!