मृतांच्या बाजूने उभी राहणारी ईव्ह डॅलस

असामान्य बुद्धीच्या एकट्या हेराऐवजी पोलिस खात्यातील माणसे, त्यांची कार्यपद्धती, प्रयोगशाळेचे अहवाल आणि वरिष्ठांचा दबाव यांच्या आधारे जी रहस्यकथा गुन्ह्याची उकल करते, तिला पोलिस तपासकथा म्हणतात. एड मॅकबेन यांच्या १९५६ साली सुरू झालेल्या ‘८७वा प्रिसिंक्ट’ या मालिकेने हा प्रकार इंग्रजीत चांगलाच रुजवला. नोरा रॉबर्ट्स यांनी १९९५ मध्ये जे. डी. रॉब या टोपणनावाने ‘नेकेड इन डेथ’ लिहून ही तपासकथा २०५८ सालच्या न्यूयॉर्कमध्ये नेली, आणि तिथून सुरू झालेली ‘इन डेथ’ मालिका आज पन्नासाहून अधिक कादंबऱ्यांची झाली आहे.

या मालिकेतील भविष्यकाळ नुसता देखावा नाही. सामान्य नागरिकांकडील बंदुका कायद्याने हद्दपार झाल्या असल्यामुळे पहिल्याच कादंबरीत जुन्या बंदुकीने झालेला खून संशयाची सुई थेट शस्त्रांच्या धनाढ्य संग्राहकाकडे, म्हणजे रोर्ककडे, वळवतो. आणि खरी कॉफी इतकी दुर्मिळ झाली आहे की रोर्कने पाठवलेली कॉफी मालिकेची नायिका, पोलिस लेफ्टनंट ईव्ह डॅलस हिला दागिन्यांहून मोलाची वाटते.

तरीही प्रस्तुत लेखिकेला वर्षानुवर्षे या मालिकेकडे परत नेले ते यंत्रांनी नव्हे, तर तपासाच्या ठरलेल्या क्रमाने. ईव्ह घटनास्थळी पाऊल टाकण्याआधी हातांवर आणि बुटांवर ‘सील-इट’ या द्रवाचा पातळ थर देते, म्हणजे तिचे स्वतःचे ठसे पुराव्यात मिसळत नाहीत. मग रेकॉर्डर सुरू करून नाव व हुद्दा नोंदवते, मृतदेहाशेजारी बसून बोटांच्या ठशांवरून ओळख पटवते आणि उपकरणाने मृत्यूची वेळ निश्चित करते. प्रत्येक पुस्तकात हे जवळजवळ तसेच घडते, आणि नित्यपूजेचा क्रम जसा घरातल्या माणसाला कंटाळवाणा न वाटता आधार देतो, तसा हा क्रम वाचकाला आधार देतो, कारण मृत व्यक्ती राजकारणी असो की रस्त्यावर राहणारी, तिच्या मृत्यूची नोंद त्याच काळजीने होणार आहे याची त्यातून खात्री पटते. प्रणयप्रसंगांची पुनरावृत्ती आणि रोर्कच्या अमाप संपत्तीने अनेक अडचणींवर सहज निघणारा तोडगा हे मालिकेचे दोष खरेच आहेत. या एका खात्रीपुढे ते मात्र किरकोळ ठरतात.

दुसरे बलस्थान काळाच्या मोजणीत आहे. प्रकाशनाला तीन दशके लोटली तरी कथेत जेमतेम तीन-चार वर्षे सरली आहेत, त्यामुळे विशीत वाचू लागलेला वाचक पन्नाशीला पोहोचतो आणि ईव्ह अजून तिशीच्या पहिल्या काही वर्षांतच असते. या संथ घड्याळाचा खरा उपयोग तिच्या भूतकाळासाठी होतो. आठ वर्षांची असताना ती टेक्ससमधील डॅलस शहरात, हात मोडलेल्या आणि स्मृती हरपलेल्या अवस्थेत सापडली, आणि त्या शहराचेच नाव तिचे आडनाव झाले. वडिलांनी केलेल्या अत्याचारांच्या आठवणी स्वप्नांतून, तुकड्यातुकड्यांनी, कित्येक पुस्तकांत परत येतात. २०११ च्या ‘न्यूयॉर्क टू डॅलस’ मध्ये ती तपासासाठी त्याच शहरात जाते, तेव्हा मधली पुस्तके क्रमाने वाचलेल्या वाचकाच्या छातीवर जे दडपण येते, ते सुट्या कादंबरीला साधणे अवघड आहे. एवढी खोल जखम एका पुस्तकात भरून आली असती, तर ते खोटे वाटले असते.

असाच धीर रॉबर्ट्स यांनी लहान वस्तूंबाबतही दाखवला आहे. ईव्ह आणि रोर्क यांच्या ओळखीच्या सुरुवातीला तिच्या राखाडी पोशाखाचे निसटलेले बटण रोर्कच्या हाती लागते आणि तो ते जपून ठेवतो. पुढे अनेक पुस्तकांनंतर, ती संकटात असताना, काळजीने तो खिशातले तेच बटण बोटांत फिरवू लागतो.